वाचक विचारतात : हिसके सोसणारं रीळ

मस्की आणि पाइक हे थंड पाण्यातले मोठे शिकारी मासे. त्यांच्यासाठीची जर्कबेट आणि ग्लायडर ही जड आमिषं नुसती दोरी गुंडाळून ओढली तर निर्जीवपणे सरळ येतात. रॉडचा हिसका बसला की मगच ग्लायडर डावी-उजवीकडे सरकतो आणि जर्कबेट बुडी मारून वर येतं. मासेमारीच्या या पद्धतीत रिळं लवकर कामातून जातात. अमेरिका, कॅनडा आणि स्वीडनमधल्या मराठी वाचकांनी याबद्दल बरंच विचारलं आहे, एक पत्र अलिबागहूनही आहे. त्यांची उत्तरं एकत्र देत आहोत.

प्रश्न : मिनेसोटातल्या मिल लॅक्स तळ्यावर मस्कीसाठी जातो. आमिषं 90 ते 130 ग्रॅमची. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला घेतलेलं रीळ दुकानात अगदी मऊ फिरत होतं. ऑगस्टमध्ये हिसका देताना हँडल उलटं फिरून बोटांवर आपटायला लागलं. नवीन घेताना काय बघू? (मिनियापोलिस)

उत्तर : दुकानातल्या मऊपणावर रिळाचं आयुष्य कळत नाही. तिथे दोरीवर ताण नसतो, आणि तुमचं काम सगळं ताणाचंच आहे. साधा हिशेब करा. आमिष 25 मीटर लांब पडलं आणि प्रत्येक हिसक्याला 40 ते 50 सेंटिमीटर पुढे आलं, तर एका फेकीत 50-60 हिसके होतात. दिवसभरात 150 वेळा फेकलं की आठ-नऊ हजार धक्के. मोठा मासा एकदा ओढतो, हे धक्के मात्र रोज बसतात. रीळ मरतं ते याने.

म्हणून आधी फ्रेम बघा. ती अखंड ॲल्युमिनियमची हवी. ग्रॅफाइटची फ्रेम हलकी असते, पण हिसक्याच्या क्षणी ती किंचित वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही. स्पूलचा, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या चक्रीचा, दांडा मात्र तेवढाच तिरका होतो आणि मोठ्या गिअरचे दाते छोट्या गिअरवर पूर्ण न टेकता कडेवर टेकतात. मग दाते एका बाजूने झिजतात आणि हंगामाच्या शेवटी हँडल फिरवताना करकर जाणवते. लोक याला ‘गिअर खराब निघाला’ म्हणतात. दोष बहुतेक वेळा फ्रेमचा असतो. दुकानात रीळ दोन्ही हातांत धरून दोन्ही बाजूच्या प्लेटा पिळून बघा. फट उघडताना दिसली किंवा कुरकुर ऐकू आली तर ते रीळ या कामाचं नाही.

दुसरं, गिअर. मोठा गिअर पितळी हवा. ॲल्युमिनियमच्या गिअरने वीस-तीस ग्रॅम वजन वाचतं, पण या कामात तो लवकर झिजतो. अलीकडे फार बारीक दात्यांचे गिअर येतात, ते फिरायला सुरेख असतात. हलक्या आमिषांना ते ठीक. शंभर ग्रॅमच्या पुढे आम्ही जाड दात्यांचा गिअरच घ्यायला सांगू.

तिसरी गोष्ट तुमच्या दुखण्याची. हँडल उलटं फिरू नये म्हणून मुख्य दांड्यावर स्टीलची गुळगुळीत नळी असते आणि तिच्याभोवती बारीक रोलरचं एकदिशा बेअरिंग. सुलट फिरवताना रोलर मोकळे राहतात, उलट जोर आला की नळी आणि कवच यांच्यामध्ये अडकून बसतात. ही अडकण फक्त घर्षणावर आहे. तिथे घट्ट ग्रीस गेलं, पाणी जाऊन नळी गंजली, किंवा नळीवर चरे पडले की रोलर घसरतात. त्यामुळे घेताना दुकानदाराला विचारा, की या बेअरिंगच्या मागे दातेरी चाक आणि खुंटीचा दुसरा अटकाव आहे का. तो असेल तर बेअरिंग घसरलं तरी हँडल थोडंसं मागे जाऊन अडतं, बोटं वाचतात. काही रिळांत वजन कमी करायला हा दुसरा अटकाव ठेवलेलाच नसतो. ती घेऊ नका.

हँडल 95 ते 105 मिलिमीटर लांब आणि मुठीत मावेल अशा जाड गोळ्यांचं बरं. ओल्या, गार हातात चपटी बटणं निसटतात. हँडलच्या नटवर अडकपट्टी आणि तिचा छोटा स्क्रू आहे ना हे बघा. हिसक्यांनी हा नट ढिला होतो आणि हँडल तळ्यात गेल्यावर मग लक्षात येतं.

नावं हवीत तर : शिमानोचं ट्रँक्स 400, दायवाचं लेक्सा 400, आबू गार्सियाची अँबेसिडर 6500 मालिका. पहिली दोन चपटी, मुठीत धरायला सोपी. तिसरं गोल आणि उंच, मनगटाला जरा जड, पण घरच्या घरी उघडून दुरुस्त करायला सर्वांत सोपं. दिवसभर हिसके देणाऱ्याच्या मनगटाचा विचार करता आम्ही चपट्याच्या बाजूने आहोत. 130 ग्रॅमपर्यंत 400 चा आकार योग्य. नेहमीची आमिषं 80 ग्रॅमच्या आत असती तर 300 चालला असता.

जुनं रीळ मात्र टाकू नका. बहुतेक ते साफसफाईनेच बरं होईल. पुढे रीत दिली आहे.

प्रश्न : एका रिळावर ‘10 बेअरिंग’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘5’. दुप्पट टिकेल का? (मिसिसागा)

उत्तर : नाही. कामाची बेअरिंग म्हणजे स्पूलच्या दोन टोकांची, मुख्य दांड्याची आणि ते एकदिशा बेअरिंग. बाकीची बरीचशी हँडलच्या गोळ्यांत असतात. आकडा वाढतो, टिकाऊपणा वाढत नाही. तेवढ्याच पैशांत पितळी गिअर मिळत असेल तर तो घ्या.

प्रश्न : स्टॉकहोमच्या बेटांमध्ये पाइकसाठी 10 सेंटिमीटरचा, 46 ग्रॅमचा बुडणारा सॅल्मो स्लायडर हा ग्लायडर वापरतो. एकाच रिळात 5.8:1 आणि 7.6:1 असे दोन गिअर मिळतात. वेगवान घ्यावं की संथ? ग्लायडर कधी छान सरकतो, कधी नुसता डोकं हलवतो, त्याचं कारण रीळ असेल का? (स्टॉकहोम)

उत्तर : कारण रीळ असू शकतं, म्हणजे रिळाचा वेग आणि तुमचा हात यांचा मेळ. 5.8:1 म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल 5.8 वेळा फिरतं. दोरीने भरलेल्या स्पूलचा व्यास 40 मिलिमीटर धरला तर त्याच्या एका फेऱ्यात साधारण साडेबारा सेंटिमीटर दोरी येते. हँडलच्या एका फेऱ्यात झाली सुमारे 73 सेंटिमीटर. 7.6:1 मध्ये हीच 95 होते.

आता ग्लायडर कसा सरकतो ते बघा. रॉडचं टोक पाण्याकडे खाली धरून 15 ते 25 सेंटिमीटरचा छोटा, कोरडा हिसका द्यायचा आणि टोक लगेच परत आमिषाकडे न्यायचं. त्या परत जाण्याने दोरीला ढील मिळते आणि त्या ढिलीतच ग्लायडर बाजूला घसरत जातो. ढील संपली की त्याचं सरकणं तिथेच तुटतं. रिळाने गुंडाळायची ती फक्त हिसक्याने पुढे आलेली दोरी, म्हणजे पाव ते अर्धा फेरा. 5.8 मध्ये पाव फेऱ्याला 18 सेंटिमीटर आणि अर्ध्याला 36. 7.6 मध्ये 24 आणि 48. हात सवयीने अर्धा फेरा फिरवतो आणि वेगवान रीळ दर वेळी बारा सेंटिमीटर जास्त ओढतं. तेवढ्याने ढील मरते. तुमचा ग्लायडर ‘नुसता डोकं हलवतो’ तो बहुधा त्याच फेकींमध्ये.

टिकाऊपणही संथ रिळाच्या बाजूने आहे. कमी गुणोत्तरात छोटा गिअर थोडा मोठा असतो, त्याला दाते जास्त असतात, धक्का जास्त दात्यांवर वाटला जातो. तेव्हा 5.8 घ्या. वेगवान रीळ उपयोगी पडतं ते मासा बोटीकडे सुसाट येत असताना, किंवा आमिष रिकामं झटपट परत आणायचं असताना. एकच रीळ असेल तर तेवढी अडचण सोसावी.

बरीच दोरी बाहेर गेली की स्पूलचा व्यास घटतो. 40 चा 34 झाला तर त्याच 5.8 मध्ये फेऱ्याला 73 ऐवजी 62 सेंटिमीटरच येतात. त्यामुळे फेकीच्या सुरुवातीला हात थोडा जास्त आणि बोटीजवळ आल्यावर कमी फिरवावा लागतो. स्पूल काठापासून तीन मिलिमीटर खाली इतकं भरलेलं असेल तर हा फरक कमी राहतो. सूइकसारख्या बुडी मारून वर येणाऱ्या लाकडी जर्कबेटला वेगळा हात लागतो. तिथे 60 ते 90 सेंटिमीटरची लांब ओढ असते, आमिष वर येईपर्यंत तेवढीच दोरी गुंडाळायची असते, म्हणजे संथ रिळात एक पूर्ण फेरा बरोबर बसतो.

लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला जोडतुकडा, तोही तपासा. मऊ, लवचिक लीडर ढिलीत पुढच्या गळावर अडकतो आणि ग्लायडर उलटापालटा होतो. ताठ, एकपदरी तारेचा 30 सेंटिमीटरचा लीडर आमिषाच्या पुढे सरळ राहतो.

प्रश्न : फेकताना मध्येच ‘फट्’ आवाज येतो, आमिष दोरीसकट उडून जातं. 50 पाउंडी वेणीची दोरी आहे. मासा तर एवढा ओढत नाही! (न्यू जर्सी)

उत्तर : मासा ओढत नाही, आमिष ओढतं. शंभर ग्रॅमचं आमिष वेगात निघालेलं असताना स्पूल एकदम अडलं की सगळा झटका दोरीच्या एका बिंदूवर येतो. या कामात 80 पाउंडी दोरी वापरतात ती माशासाठी नव्हे, याच झटक्यासाठी. जाडीत फरक थोडा आहे. नेहमीच्या वेणीच्या दोरीत 50 पाउंडी साधारण 0.36 मिलिमीटर आणि 80 पाउंडी 0.43. स्पूलवर मावणारी दोरी काहीशी कमी होते, पण मस्कीच्या कामाला शंभर-सव्वाशे मीटर पुष्कळ.

पण स्पूल अडतं का, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर 80 पाउंडीही तुटेल. हिसके देताना आपण ढिली दोरी गुंडाळत असतो, त्यामुळे स्पूलवर सैल वेटोळी बसतात. पुढच्या जोरदार हिसक्याला वरची ताणलेली दोरी या सैल वेटोळ्यांत रुतते. दुसऱ्या फेकीला तिथपर्यंत दोरी सुटते आणि रुतलेल्या जागी थांबते. उपाय हातातच आहे. रीळ मुठीत धरलेल्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून दोरी जाऊ द्या, म्हणजे ढील गुंडाळतानाही तिच्यावर हलका ताण राहील. तासाभराने एक लांब फेक करून, एकही हिसका न देता, सरळ ताणात दोरी परत गुंडाळा. जुनी सैल वेटोळी त्याने घट्ट बसतात.

शेवटचे दोन मीटर दर आठवड्याला कापून गाठ नवी मारा. रॉडच्या टोकाच्या कडीवर तेवढाच भाग रोज घासतो. नखावरून दोरी ओढून बघा, खरखरीत लागली की कापा.

प्रश्न : ड्रॅग पूर्ण आवळून ठेवतात असं ऐकलं. मग तो असतोच कशाला? (शिकागो)

उत्तर : ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणापुढे दोरी सुटू देणारा रिळातला ब्रेक. हिसक्याला तो घसरला तर आमिषापर्यंत हिसका पोचतच नाही आणि मस्कीच्या कठीण जबड्यात गळही रुतत नाही. म्हणून काम करताना तो जवळजवळ आवळलेलाच असतो. अंदाजावर सोडू नका. दोरी स्प्रिंग काट्याला बांधून रॉड न वाकवता सरळ ओढा. 80 पाउंडी दोरीला सात ते नऊ किलोला ड्रॅग सुटायला हवा. मासा लागल्यावर बोटीजवळ ताराचक्र, म्हणजे ड्रॅग आवळायचं हँडलजवळचं चाक, अर्धा फेरा सैल करा. शेवटची उसळी बोटीच्या कडेलाच येते आणि तिथे गळ सुटतात, सरळ होतात किंवा दोरी तुटते.

घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेलाच राहिला तर वॉशर दबून चिकटतात, आणि पुढच्या खेपेला तो सुटताना झटक्याने सुटतो.

प्रश्न : हिसका देताना काहीतरी घसरतंय हे कळतं, पण काय ते कळत नाही. (मॅडिसन)

उत्तर : दोरीचं टोक खांबाला बांधा, रॉड खांबाच्या रोखाने सरळ धरा, ताराचक्र आवळा. हँडलच्या नटवर आणि स्पूलच्या कडेवर पेनने एकेक खूण करा. स्पूलवर गुंडाळलेल्या दोरीवरही आडवी रेघ ओढा. आता पाच-सहा हिसके द्या.

हँडलची खूण मागे सरकली तर एकदिशा बेअरिंग घसरतंय. हँडल जागेवर आणि स्पूलची खूण फिरली तर ड्रॅग. दोन्ही जागेवर, पण दोरीवरची रेघ स्पूलच्या खुणेपासून दूर गेली तर दोरीचा अख्खा गठ्ठा स्पूलवर फिरतोय. वेणीची दोरी गुळगुळीत धातूला धरत नाही, म्हणून तिच्याखाली आधी चार-पाच मीटर नायलॉनची दोरी गुंडाळायची असते. ती नसेल तर हे होणारच. ड्रॅग बिघडला म्हणून वॉशर बदलत बसलेले लोक बऱ्याचदा या तिसऱ्या दोषाने फसलेले असतात.

सगळ्या खुणा जागच्या जागी आणि तरी ‘टक्’ ऐकू येतंय? रॉडवर रीळ धरून ठेवणारा पेच आवळून बघा. हिसक्यांनी तोही उलगडतो. दर तासाला एकदा अंगठ्याने तपासायची सवय लावून घ्या.

प्रश्न : स्पिनिंग रीळ आहेच घरात. त्यावर ग्लायडर चालेल? (एडिसन)

उत्तर : 20 ग्रॅमच्या आतल्या छोट्या जर्कबेटला चालेल. त्यापुढे नाही. स्पिनिंग रिळात स्पूल फिरत नाही, दोरी रोलरवरून काटकोनात वळून त्यावर गुंडाळली जाते, प्रत्येक हिसका त्या बारीक रोलरवर आणि त्याच्या दांडीवर येतो. शिवाय ढिली गुंडाळलेली दोरी पुढच्या फेकीला वेटोळ्या-वेटोळ्यांनी एकदम बाहेर पडते आणि पहिल्या कडीत गुंता होतो.

प्रश्न : उजव्या हाताने काम करतो. हँडल कुठल्या बाजूला घेऊ? (रॉचेस्टर)

उत्तर : हिसके देणारा हात जोरकस हवा आणि फेकल्यावर रॉड हात न बदलता धरता यायला हवा. म्हणून उजव्या हातात रॉड, डावीकडे हँडल. आबू आणि शिमानोच्या बऱ्याच रिळांत आकड्याच्या शेवटी 1 असेल तर ते डाव्या हाताचं, जसं 6501 किंवा 401. सवय उलट असेल तर बदलायची सक्ती नाही.

प्रश्न : हंगाम संपला की रीळ घरीच साफ करायचं आहे. वंगण कुठे, किती? (ग्रीन बे)

उत्तर : जास्त वंगण हा सर्वांत मोठा शत्रू, हे मनात धरून सुरुवात करा. साहित्य थोडं लागतं : रिळासोबतचा पाना, बारीक स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रिळाचं पातळ तेल, रिळाचं ग्रीस आणि कार्बन वॉशरचं खास ग्रीस. खाली पांढरा टॉवेल अंथरा, स्प्रिंग उडाली तर सापडते. प्रत्येक भाग काढताना फोनवर फोटो घ्या आणि काढलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जा.

हँडल, ताराचक्र, मग बाजूची प्लेट. प्लेट जोरात ओढू नका, आत खुंटीच्या दोन छोट्या स्प्रिंगा असतात. मोठा गिअर आणि त्याच्या पोटातले ड्रॅगचे वॉशर बाहेर काढा. वॉशर कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने होते याचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण कार्बन आणि धातूचे वॉशर आलटून-पालटून बसतात आणि एक जरी उलटला तर ड्रॅग कधीच नीट आवळत नाही. कार्बनचे वॉशर कोरड्या फडक्याने पुसा, खास ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि जादा लगेच पुसून काढा. साधं तेल तिथे नको.

गिअरचे दाते ब्रशने साफ करून भिंगाखाली बघा. निरोगी दात्याचा माथा सपाट असतो. सुरीच्या धारेसारखा टोकदार झाला असेल तर गिअर बदला, आणि छोटा गिअरही सोबतच बदला. जुन्या छोट्या गिअरवर नवा मोठा गिअर लवकर खराब होतो. छोट्या गिअरच्या टोकाला स्पूलच्या दांड्याची पिन अडकते ती खाच असते. तिच्या कडा गोलावल्या असतील तर हिसक्याला पिन निसटून ‘खट्’ आवाज येतो. ग्रीस फक्त दात्यांवर, ब्रशच्या टोकाने, दाते दिसत राहतील इतकं.

आता एकदिशा बेअरिंग. मिनियापोलिसच्या वाचकांनी इथून पुढे लक्ष द्यावं. ते प्लेटमध्येच बसवलेलं असतं, उपटून काढायची गरज नाही. अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी आत फिरवत राहा, काडी पांढरी निघेपर्यंत. दांड्यावरची स्टीलची नळीही अशीच पुसा आणि नखाने चाचपा. चरा लागला तर नळी बदलायची, ती स्वस्त असते. दोन्ही पूर्ण वाळल्यावर अत्यंत पातळ तेलाचा एकच थेंब काडीला लावून रोलरवर फिरवा. ग्रीस मुळीच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थंडीत हँडल अचानक मागे सटकायला लागतं ते बहुतेक याच चुकीने. गारठ्यात ग्रीस घट्ट होतं, रोलर त्यात चिकटून राहतात आणि वेळेवर अडकत नाहीत.

दोरी सारखी पसरवणारी आडवी स्क्रूची दांडी आणि तिच्यातली छोटी खुंटी हे हंगामात आठवड्याला बघायचे भाग. इथे वाळू आणि दोरीचा भुगा साठतो. घट्ट ग्रीस लावलं की तो तिथेच चिकटून कानशीचं काम करतो. ब्रशने साफ करून पातळ तेलाचे दोन थेंब पुरे. स्पूलची बेअरिंग अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं भिजवा, वाळवा, प्रत्येकी एक थेंब. जड आमिषांना महागडी सिरॅमिक बेअरिंग घालू नका. आमिष स्वतःच्या वजनानेच लांब जातं आणि सुसाट स्पूलने गुंते मात्र वाढतात.

प्रश्न : इथे जुन्या बाजारात स्वीडनमध्येच बनलेलं अँबेसिडर 6500 सी स्वस्तात मिळतंय. घ्यावं का? (गोथेनबर्ग)

उत्तर : फ्रेम सरळ असेल तर जरूर. ही रिळं मोरुम नदीकाठच्या स्वँगस्टा गावची. 1921 साली घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या कंपनीची ही रिळं आजही सुटे करून, धुऊन, पुन्हा जोडता येतात, हीच त्यांची किंमत. जुन्यांमध्ये एकदिशा बेअरिंग नाही, फक्त दातेरी चाक आणि खुंटी. त्यामुळे हँडल किंचित मागे-पुढे हलतं. तो दोष समजू नका. हा अटकाव घर्षणावर नसल्याने घसरत नाही. गुणोत्तर 4.7:1, म्हणजे ग्लायडरला जरा जास्त हात फिरवावा लागेल.

विकणाऱ्यासमोर पाच गोष्टी करा. स्पूल मोकळं सोडून फिरवा आणि कानाजवळ धरा. घरघर म्हणजे बेअरिंग गेलं, ते सहज बदलता येतं. स्पूल अंगठ्याने वर-खाली हलवून बघा. हँडल अगदी सावकाश फिरवा. एका ठरावीक जागी अडखळत असेल तर गिअरचा दाता दुखावला आहे आणि भाव पाडायला हवा. दोरीचा मार्गदर्शक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन न अडकता परतला पाहिजे. अडकला तर त्याच्या खालचं टोपण उघडून खुंटी बदलायची, पाच मिनिटांचं काम. रीळ सपाट टेबलावर ठेवून बाजूच्या दोन्ही कड्या समांतर आहेत का बघा. पडून वाकलेली फ्रेम सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ड्रॅगचे जुने वॉशर काढून कार्बनचे बसवा.

प्रश्न : शिकागोहून थोरल्या भावाने मस्कीचं 300 आकाराचं रीळ पाठवलंय. आमच्या खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी जर्कबेटवर चालेल? खाऱ्या पाण्यात टिकेल? (अलिबाग)

उत्तर : दादांना सांगा, योग्य रीळ पाठवलंत. जिताड्याला 12 ते 14 सेंटिमीटरचं, 20 ते 40 ग्रॅमचं जर्कबेट पुरतं, त्यामुळे गिअर आणि फ्रेमवर मस्कीइतका भार येणार नाही. दोरी 50 पाउंडी पुरे, मात्र पुढे 60 ते 80 पाउंडी जाड नायलॉनचा मीटरभर लीडर हवाच. जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते आणि तांबोशी लागताक्षणी खडकात किंवा तिवरांच्या मुळांत घुसते. तांबोशीसाठी ड्रॅग आवळलेलाच ठेवा, पहिले दोन-तीन मीटर दिलेत तर मासा गेला.

खरा प्रश्न मिठाचा. स्टॉकहोमजवळच्या समुद्रात लिटरमागे पाच-सहा ग्रॅम मीठ असतं, उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर 35 च्या आसपास. घरी पोचल्याबरोबर, जेवायच्या आधी, ड्रॅग पूर्ण आवळा म्हणजे वॉशरमध्ये पाणी जाणार नाही. मग गोड्या पाण्याची अगदी हलकी धार एक मिनिट, स्पूलवरच्या दोरीवर विशेष, कारण वेणीची दोरी मीठ धरून ठेवते. नळाची जोराची धार मारू नका आणि बादलीत बुडवू नका. दोन्ही प्रकारांत खारं पाणी आत ढकललं जातं. झटकून, पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाऱ्यावर ठेवा. ओलं रीळ पिशवीत किंवा बंद डब्यात गेलं की रात्रीत गंज धरायला सुरुवात होते, पावसाळ्यात तर नक्कीच.

खाडीवरून आल्यावर दर वेळी दोरी पसरवणाऱ्या दांडीला तेलाचा एक थेंब. महिन्यातून एकदा बाजूची प्लेट उघडून एकदिशा बेअरिंग आणि त्याची नळी वरच्या रीतीने पुसा. नळीवर तांबूस डाग दिसू लागले तर ते घासून काढत बसू नका, कारण घासल्याने ती बारीक होते आणि रोलर आणखी घसरतात. दादा पुढच्या वेळी येतील तेव्हा त्या मॉडेलची एक नवी नळी आणि एकदिशा बेअरिंग सोबत आणायला सांगा. रिळाच्या डब्यातल्या सुट्या भागांच्या नकाशावर त्यांचे क्रमांक असतात, तेच त्यांना कळवा.